रोगाची बातमी देणाऱ्याचे काय होते?

वाचकांचे प्रश्न

अमेरिकेने जागतिक आरोग्य संघटना सोडल्याबद्दलचे एक टिपण मागील अंकात याच सदरात आले होते. त्यानंतर नाशिक शहरातून आणि जिल्ह्यातून बरीच पत्रे आली. त्यांपैकी पाच येथे थोडी संक्षिप्त करून घेतली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे दिलेली नाहीत. मी बरीच वर्षे सामाजिक वैद्यकशास्त्र शिकवले आणि आंतरराष्ट्रीय राजकारणाकडे त्याच वाटेने आले, त्यामुळे उत्तरांचा कल रोगांकडून राजकारणाकडे जाणारा असेल.

प्रश्न : माझे बालपण रामकुंडाच्या परिसरात गेले आणि सध्या मी इतिहासात एम.ए. करते आहे. २०२७ च्या सिंहस्थाच्या तयारीविषयी वाचत असताना एके ठिकाणी असा उल्लेख आढळला की, एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या मुत्सद्द्यांनी आपल्या यात्रांवर परिषदांमध्ये चर्चा केली होती. हे खरे आहे का? असल्यास, त्यांना आपल्या यात्रांची एवढी काळजी कशासाठी होती? (पंचवटी, नाशिक)

उत्तर : खरे आहे, आणि ही चर्चा एकदा होऊन थांबलेली नव्हती, ती काही दशके चालू राहिली. १८५१ साली पॅरिसला पहिली आंतरराष्ट्रीय सॅनिटरी (म्हणजे साथरोग रोखण्यासाठीची) परिषद भरली, तेव्हा १२ राष्ट्रांनी प्रत्येकी एक डॉक्टर आणि एक मुत्सद्दी पाठवला होता. दोघांनाही स्वतंत्र मत होते, त्यामुळे एकाच देशाचे दोन प्रतिनिधी परस्परविरुद्ध मते देताना दिसत. डॉक्टरांना कॉलऱ्याचे कारण ठाऊक नव्हते. मुत्सद्द्यांना मात्र एक गोष्ट पक्की ठाऊक होती, ती ही की बंदरात जहाज आठवडेच्या आठवडे अडवून ठेवले की व्यापाऱ्याचे दिवाळे निघते. भूमध्य समुद्रातल्या प्रत्येक बंदराचे क्वारंटाइनचे नियम वेगळे होते आणि ते एकसारखे करावेत, एवढाच त्या परिषदेचा मूळ हेतू होता. तोही तेव्हा साधला नाही.

१८६५ मध्ये हजच्या काळात मक्केत कॉलऱ्याने हजारो यात्रेकरू मरण पावले, आणि तेथून साथ इजिप्तमार्गे युरोपात पोहोचली. पुढच्याच वर्षी कॉन्स्टँटिनोपलला परिषद भरली आणि तिने गंगेचे खोरे हे कॉलऱ्याचे घर, तर भारतातल्या यात्रा हे तो पसरण्याचे एक प्रमुख कारण ठरवले. १८६७ च्या हरिद्वारच्या कुंभमेळ्यानंतर उत्तर भारतात कॉलऱ्याची मोठी साथ पसरली, तेव्हा या मताला आणखी बळ मिळाले. त्यानंतर १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि मुंबई युरोपच्या फार जवळ आली. ही जवळीक व्यापाराला हवी होती, पण रोगाच्या बाबतीत तिचीच धास्ती वाटत होती.

येथे ब्रिटनची भूमिका बारकाईने पाहण्यासारखी आहे. सुएझमधून जाणारी बहुतेक जहाजे ब्रिटिश होती, म्हणून क्वारंटाइनला सर्वांत कडाडून विरोध ब्रिटननेच केला. भारत सरकारचे सॅनिटरी कमिशनर जे. एम. कनिंगहॅम यांनी कॉलरा माणसाकडून माणसाकडे जात नाही, असे मत वर्षानुवर्षे लावून धरले. लंडनमध्ये १८५४ सालीच जॉन स्नो यांनी पाण्याच्या एका हापशाचा साथीशी असलेला संबंध दाखवून दिला होता आणि १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी कोलकात्यात कॉलऱ्याचा जंतू दाखवला, तरीही सरकारी मत हलायला वेळ लागला. परिषदांमध्ये जहाजे अडवू नका असे म्हणणारे हेच सरकार देशात यात्रेकरूंना मात्र अडवत होते. १८९२ मध्ये हरिद्वारची महावारुणी या स्नानपर्वाची यात्रा सरकारने पांगवली, त्यावरून देशभर संताप उसळला. त्याच वर्षी व्हेनिसला सुएझमधून जाणाऱ्या जहाजांविषयी पहिला करार झाला, म्हणजे पहिल्या परिषदेनंतर तब्बल ४१ वर्षांनी.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईतल्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रुग्ण ओळखला आणि पुढच्या काही महिन्यांत युरोपने भारतावर दबाव आणायला सुरुवात केली. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला, त्याच सुमारास व्हेनिसला प्लेगसाठी स्वतंत्र परिषद भरली आणि मुंबईहून हजला जाणारी वाहतूक बंद करण्यात आली. पुण्यात घराघरांत शिरून झडत्या घेतल्या गेल्या. त्याचा शेवट २२ जून १८९७ रोजी रँड यांच्यावर झाडलेल्या गोळीत झाला, हे आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. झडतीच्या भीतीने लोक आजारी माणसे माळ्यावर, धान्याच्या कोठीमागे लपवत आणि मेलेल्यांची वार्ता दडवून ठेवत, ही गोष्ट मात्र आपण पुरेशा गांभीर्याने वाचत नाही. त्याच काळात सावित्रीबाई फुले आणि त्यांचे पुत्र डॉ. यशवंत पुण्याबाहेर माळावर दवाखाना चालवत होते आणि तेथे रुग्ण आपल्या पायांनी किंवा सावित्रीबाईंच्या खांद्यावरून येत होते. प्लेगची लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई गेल्या. रोग तोच होता आणि गावही तेच होते. एकीकडे लोकांनी रोग लपवला, दुसरीकडे उघड केला. मला वाटते, सार्वजनिक आरोग्याच्या धोरणाचा सगळा पेच या एका उदाहरणात सापडतो, आणि पुढच्या पत्रांना उत्तरे देतानाही मी वारंवार येथेच परत येणार आहे.

तुमच्या अभ्यासासाठी एक दुवा सांगते. १८९७ चा तो जेमतेम चार कलमांचा कायदा २०२० साली कोविडच्या वेळी आपण जसाच्या तसा वापरला आणि त्याच वर्षी आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांना शिक्षा देणारी दुरुस्ती त्याला जोडली. सरकारला अधिकार देणारी कलमे त्यात आहेत. साथीची बातमी देणाऱ्या नागरिकाला काय मिळेल, याविषयी त्यात तेव्हाही काही नव्हते आणि आजही नाही. सिंहस्थाकडे पाहताना गोदावरीच्या पाण्याची तपासणी, शौचालये आणि जुलाबाच्या रुग्णांची रोजच्या रोज होणारी नोंद या तीन गोष्टींवर लक्ष ठेवा. यात्रा पांगवण्याची वेळ येऊ न देण्याचा मार्ग त्यांतूनच जातो.

प्रश्न : अमेरिका बाहेर पडल्यावर जागतिक आरोग्य संघटना टिकेल का? इतका मोठा देश संघटनेला लाथ मारतो, हे जगाच्या इतिहासात प्रथमच घडते आहे. (निवृत्त बँक अधिकारी, गंगापूर रोड)

उत्तर : प्रथमच घडते आहे, असे मात्र नाही. संघटनेची घटना ७ एप्रिल १९४८ रोजी अमलात आली आणि पुढच्याच वर्षी सोव्हिएत संघाने ती सोडली. त्याच्या गोटातले देशही पाठोपाठ गेले. संघटनेच्या घटनेत बाहेर पडण्याचे कलमच नाही, त्यामुळे संघटनेने त्यांना 'निष्क्रिय सदस्य' मानून दार उघडे ठेवले आणि १९५६ च्या सुमारास ते देश परत येऊ लागले. १९५८ मध्ये सोव्हिएत प्रतिनिधी व्हिक्टर झ्दानोव यांनी देवीच्या रोगाच्या समूळ उच्चाटनाचा प्रस्ताव मांडला, तोही अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरात भरलेल्या अधिवेशनात. १९६७ पासून जोरात चाललेल्या मोहिमेचे प्रमुख अमेरिकन डॉक्टर डी. ए. हेंडरसन होते आणि लशीचा फार मोठा वाटा सोव्हिएत संघाकडून येत होता. शीतयुद्ध ऐन भरात असताना हे घडत होते. भारतातला शेवटचा रुग्ण १९७५ च्या मे महिन्यात आसामात आढळला, जगातला नैसर्गिक संसर्गाचा शेवटचा रुग्ण १९७७ मध्ये सोमालियात, आणि ८ मे १९८० रोजी देवी संपल्याची घोषणा झाली.

अमेरिकेकडे बाहेर पडण्याचा हक्क १९४८ पासूनच आहे. एक वर्षाची पूर्वसूचना आणि थकबाकी चुकती करणे, या अटींवर तिच्या संसदेने सदस्यत्व मान्य केले होते. २०२० मध्ये दिलेली सूचना पुढच्या जानेवारीत मागे घेतली गेली. २० जानेवारी २०२५ चा निर्णय मात्र वर्षभराने, २२ जानेवारी २०२६ रोजी अमलात आला. आपण बँकेत काम केलेले असल्यामुळे हिशेब चटकन लक्षात येईल. सदस्य देशांच्या ठरलेल्या वर्गणीतून संघटनेच्या खर्चाचा पाचवा हिस्साही भागत नसे. बाकीचा पैसा ऐच्छिक देणग्यांचा आणि बहुधा देणगीदाराने ठरवून दिलेल्या कामापुरताच असे. ठरलेल्या वर्गणीतही अमेरिकेचा वाटा २२ टक्के होता. मे २०२५ मध्ये उरलेल्या देशांनी वर्गणी २० टक्क्यांनी वाढवायला मान्यता दिली आणि २०२६-२७ या दोन वर्षांचा अर्थसंकल्प ५.३ अब्ज डॉलरवरून ४.२ अब्जांवर आणला. संघटना लहान होऊन टिकेल, असे माझे मत आहे.

मला पैशापेक्षा दुसरीच चिंता अधिक आहे. फ्लूच्या लशीत कोणत्या जातीचे विषाणू घ्यायचे, हे दर वर्षी फेब्रुवारीत आणि सप्टेंबरात जगभरातल्या प्रयोगशाळांच्या नमुन्यांवरून ठरते. ही साखळी १९५२ पासून चालू आहे. पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था तिच्यात आहे आणि अमेरिकेतल्या अटलांटाची प्रयोगशाळाही अनेक वर्षे तिच्या मुख्य कड्यांपैकी एक राहिली. वर्गणीची तूट दुसरा कोणी भरून काढू शकतो, पण तुटलेली माहितीची वाट इतक्या सहज सांधता येत नाही.

प्रश्न : निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. २०१० मध्ये युरोपात आमचे कंटेनर अडकले आणि त्या हंगामात आम्ही कर्जात गेलो, ते फेडायला सहा वर्षे लागली. वडील सांगतात की १९९४ मध्ये सुरतच्या प्लेगच्या वेळीही परदेशांनी भारताचा माल रोखला होता. आरोग्याच्या नावाखाली हे व्यापाराचेच राजकारण नाही का? (द्राक्ष बागायतदार, निफाड)

उत्तर : दोन्ही घटनांमध्ये आरोग्यही आहे आणि व्यापारही, मात्र त्या एकसारख्या नाहीत, म्हणून वेगवेगळ्या पाहू.

२०१० चा प्रश्न सीसीसीचा, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइडचा होता. वेलीची पानोपानी वाढ आवरण्यासाठी आपण ते अनेक वर्षे वापरत होतो. युरोपात फळांमधील त्याच्या अंशाची मर्यादा अतिशय कमी होती आणि आपल्याकडे निर्यातीपूर्वी ज्या रसायनांची तपासणी होत असे, त्यांच्या यादीत सीसीसीचे नावच नव्हते. म्हणजे बागायतदाराने तपासणी करून, दाखला घेऊन माल पाठवला आणि तरीही तो अडला. नियम बदलल्याची किंवा कडक झाल्याची बातमी ज्यांनी आपल्यापर्यंत आणायची, त्यांच्याकडून ती वेळेवर आली नाही आणि नुकसान मात्र शेतकऱ्याच्या गळ्यात पडले. तुमचा राग मला पूर्णपणे रास्त वाटतो. १ जानेवारी १९९५ पासून लागू असलेला जागतिक व्यापार संघटनेचा आरोग्यविषयक उपाययोजनांचा करार देशांना स्वतःचे कडक नियम करू देतो, परंतु त्यांना शास्त्रीय आधार हवा आणि ते इतरांना आधी कळवायला हवेत, अशी अट घालतो. कळवलेले वाचून, समजून घेऊन, जानोरी-पिंपळगावच्या पॅकहाउसपर्यंत (द्राक्षे निवडून पेट्यांत भरण्याच्या जागेपर्यंत) पोहोचवणे हे मात्र आपल्याच यंत्रणेचे काम आहे. २०१० नंतर तपासायच्या रसायनांची यादी वाढली. शेतमालाच्या निर्यातीचे काम पाहणाऱ्या अपेडा या सरकारी संस्थेच्या ग्रेपनेट या यंत्रणेत निर्यातीच्या प्रत्येक बागेची नोंद असते आणि पेटीवरच्या क्रमांकावरून थेट बागेपर्यंत माग काढता येतो. मागे एका पॅकहाउसमध्ये मी तासभर उभी होते. डोक्याला टोपी लावलेल्या बायका घडातला एकेक डागी मणी कात्रीने काढत होत्या आणि शेजारी टेबलावर बागेची फवारणीची वही उघडी होती. त्या वहीत कोणीतरी एका तारखेपुढे 'चुकून दोनदा' असे प्रामाणिकपणे लिहिले होते. तो माल थांबवून पुन्हा तपासायला पाठवला होता. असे लिहिणाऱ्या माणसाचे नुकसान होऊ नये, अशी व्यवस्था आपण अजून केलेली नाही.

आता १९९४. त्या सप्टेंबरात सुरतला फुप्फुसाच्या प्लेगची बातमी फुटली. त्याआधी आपल्याच बीड जिल्ह्यातल्या मामला गावी गाठीच्या प्लेगचे रुग्ण सापडले होते. काही दिवसांत लाखो माणसांनी सुरत सोडले आणि त्यांतली बरीच सापुतारा-वणी रस्त्याने आपल्याकडे आली. मी तेव्हा नवशिकी डॉक्टर होते आणि नाशिकच्या मध्यवर्ती बसस्थानकावर, सीबीएसला, एका लाकडी टेबलामागे प्लेगवरच्या टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल घेऊन बसले होते. सुरतच्या गाडीतून उतरलेल्या एका तरुणाला मी विचारले, 'कुठून आलात?' त्याने नजर चुकवून 'नवापूर' असे सांगितले. त्याच्या हातातल्या पिशवीवर सुरतेच्या दुकानाचे नाव होते. सुरत म्हटले की बाजूला बसवतात, हे त्याने आधीच्या थांब्यावर पाहिले होते. मी त्याला गोळ्या दिल्या, नोंदवहीत नवापूर लिहिले आणि त्याचा मला आजही खेद वाटतो.

आंतरराष्ट्रीय पातळीवर भारताची अवस्था त्या तरुणासारखीच होती. त्या वेळच्या नियमांनुसार कॉलरा, प्लेग आणि पीतज्वर हे तीनच रोग कळवणे बंधनकारक होते, आणि रोग कळवणाऱ्या देशाविरुद्ध जास्तीत जास्त काय करता येईल याची मर्यादाही त्यांत घातलेली होती. प्रवासावर बंदी घालण्याची गरज नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले. तरीही आखाती देशांसह अनेकांनी विमाने थांबवली, माल रोखला. अधिकृत मृत्यू साठाच्या आत होते. आर्थिक नुकसान मात्र त्याच्या कितीतरी पट झाले. त्याआधी १९९१ मध्ये पेरूने कॉलरा जाहीर केला, तेव्हा त्याच्या मासळीच्या निर्यातीचे असेच झाले होते. पुढे चीनमध्ये २००२ च्या अखेरीस सार्स हा श्वसनाचा साथरोग सुरू झाला आणि तो काही महिने दडवला गेला, यात मला आश्चर्य वाटले नाही. बातमी देणाऱ्यांचे काय झाले, हे सगळ्यांनी पाहिलेलेच होते.

सार्सनंतर नियम बदलले, हा खरा बदल आहे. २००५ चे आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम जून २००७ पासून लागू झाले. आता कळवण्याचे बंधन रोगांच्या ठराविक यादीपुरते उरले नाही. आंतरराष्ट्रीय धोका ठरू शकेल अशी कोणतीही घटना ओळखल्यापासून २४ तासांत कळवावी लागते, आणि देश गप्प बसला तर वृत्तपत्रे किंवा अन्य मार्गांनी आलेली माहिती घेऊन संघटना त्याला जाब विचारू शकते. पण शिक्षेचे काय? २४ नोव्हेंबर २०२१ रोजी दक्षिण आफ्रिकेने कोविडच्या ओमायक्रॉन या नव्या प्रकाराची बातमी अतिशय तत्परतेने जगाला दिली आणि दोनच दिवसांत अनेक देशांनी तिची विमाने बंद केली. कळवण्याचे नियम सुधारले. कळवणाऱ्याला मिळणारी वागणूक १८५१ मध्ये होती तशीच राहिली. तुमच्या प्रश्नातला 'राजकारण' हा शब्द मला या ठिकाणी योग्य वाटतो.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असा मजकूर फिरतो आहे की, नव्या महासाथ करारामुळे जागतिक आरोग्य संघटना भारतात टाळेबंदी आणि लशीची सक्ती लादू शकेल. हे कितपत खरे? (गृहिणी, इंदिरानगर)

उत्तर : अजिबात खरे नाही. हा करार १९ मे २०२५ रोजी संघटनेच्या अधिवेशनातल्या समितीत १२४ विरुद्ध शून्य अशा मतांनी मंजूर झाला आणि दुसऱ्या दिवशी पूर्ण अधिवेशनात सहमतीने संमत झाला. समितीतल्या मतदानात ११ देश तटस्थ राहिले. कोणत्याही देशाला टाळेबंदी, प्रवासबंदी किंवा लशीची सक्ती करायला लावण्याचा अधिकार या करारामुळे संघटनेच्या सचिवालयाला मिळत नाही, असे त्यात स्पष्ट शब्दांत लिहिलेले आहे. २०२० ची आपली टाळेबंदी आपल्याच सरकारने आपल्याच कायद्यांखाली केली होती, हेही ग्रुपवर सांगायला हरकत नाही.

करारातला खरा वाद दुसऱ्याच गोष्टीवर आहे आणि तो समजून घेण्यासारखा आहे. २००७ च्या सुमारास इंडोनेशियाने बर्ड फ्लूच्या विषाणूचे नमुने संघटनेच्या प्रयोगशाळांना द्यायचे थांबवले. आमच्या रुग्णांचे नमुने घेऊन श्रीमंत देशांतल्या कंपन्या लस बनवतात आणि ती आम्हालाच परवडत नाही, असे त्या देशाच्या आरोग्यमंत्र्यांचे म्हणणे होते. तेव्हा जगाने त्यांना आडमुठे म्हटले. मला ते म्हणणे न्याय्य वाटते. त्यातून २०११ मध्ये फ्लूपुरती एक व्यवस्था तयार झाली. नव्या करारात तीच कल्पना मोठ्या प्रमाणावर आहे : महासाथीच्या वेळी, व्यवस्थेत सहभागी उत्पादकांनी लशी आणि औषधांच्या उत्पादनातला २० टक्के वाटा संघटनेसाठी उपलब्ध करण्याचे उद्दिष्ट ठेवावे, त्यातला किमान अर्धा भाग दान म्हणून आणि उरलेला परवडणाऱ्या दरात. नमुना देणाऱ्याच्या पदरात काहीतरी पडावे, यासाठी हे आहे. याचे तपशील एका वेगळ्या परिशिष्टात ठरवायचे म्हणून करार करणारे थांबले, आणि ते परिशिष्ट झाल्यावरच करार सह्यांसाठी खुला होईल अशी रचना करण्यात आली.

यात आपण भारतीयांनी स्वतःकडेही प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे. २००१ च्या फेब्रुवारीत एका भारतीय कंपनीने, सिप्लाने, एड्सची औषधे दिवसाला एक डॉलरहून कमी किमतीत देऊ केली आणि आफ्रिकेतल्या उपचारांचे चित्र पालटले. १९७० च्या आपल्या पेटंट कायद्यामुळे ते शक्य झाले होते. ऑक्टोबर २०२० मध्ये भारत आणि दक्षिण आफ्रिका यांनी मिळून कोविडच्या लशी-औषधांवरील पेटंट काही काळ बाजूला ठेवण्याची मागणी केली. परंतु २०२१ च्या वसंतात आपल्याकडे दुसरी लाट आली, तेव्हा पुण्यात तयार होणाऱ्या लशीची निर्यात आपण थांबवली आणि तिच्यावर विसंबून असलेले अनेक गरीब देश महिनोन्‌महिने थांबून राहिले. त्या एप्रिलमध्ये नाशिकमध्ये ऑक्सिजनसाठी काय धावपळ चालली होती हे मी पाहिले आहे, त्यामुळे तो निर्णय मला समजतो. तरी आफ्रिकेतली माणसे त्याविषयी काय म्हणत असतील, हेही मला समजते.

प्रश्न : मी सुरगाणा तालुक्यात आशा म्हणून काम करते. पाड्यावर कोणाला दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर मला नाव नोंदवावे लागते. एका घरात 'आमच्या पोरीचे लग्न मोडेल' असे म्हणून माझ्या तोंडावर दार लावले. डॉक्टर, जिनिव्हात काय ठरते त्याचा आमच्या पाड्याशी खरेच काही संबंध आहे का? (आशा कार्यकर्ती, सुरगाणा)

उत्तर : ताई, सर्वांत आधी लसीकरणाच्या दिवशी डब्यातल्या लशीच्या कुपीकडे पाहा. तिच्यावर एक छोटे वर्तुळ आणि त्याच्या आत एक फिकट चौकोन असतो. चौकोन वर्तुळाहून फिकट असेपर्यंत लस चालते. दोघांचा रंग एकसारखा झाला की ती फेकायची. ही खूण १९९६ मध्ये आधी पोलिओच्या लशीवर आली आणि तिच्या मागे जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांचे काम आहे. बर्फाच्या डब्यातून घाट चढून आलेली लस उन्हात खराब झाली की नाही, हे ठरवण्याचा अधिकार त्या चौकोनाने जिल्ह्याच्या कार्यालयातून काढून तुमच्या हातात दिला. जिनिव्हात, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या मुख्यालयात, ठरलेल्या ज्या मोजक्या गोष्टी मला मनापासून आवडतात, त्यांतली ही एक आहे.

उलट दिशेचा प्रवासही झालेला आहे. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्याच, बहुतेक निरक्षर बायकांना आरोग्यसेविका केले. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये जगातले जे प्रयोग आदर्श म्हणून पुढे ठेवले, त्यांत जामखेड होते. तीनच वर्षांनी तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या अल्मा-आता येथे '२००० सालापर्यंत सर्वांसाठी आरोग्य' हा जाहीरनामा झाला. तो पुरा झाला नाही. श्रीमंत देशांनी आणि देणगीदारांनी लवकरच मोजक्या, स्वस्त, मोजता येतील अशा कार्यक्रमांकडे तोंड वळवले. तरी २००५ मध्ये आशा योजना आली तेव्हा तिच्यामागची कल्पना तीच होती, आणि मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या सर्व आशांचा सन्मान केला. त्या सन्मानाने तुमचे मानधन वाढले नाही, आणि तुम्हाला अजूनही कर्मचारी म्हणून मान्यता नाही. ती मिळावी असे मला वाटते आणि हे मी जाहीरपणे लिहीत आले आहे.

आता त्या बंद दाराविषयी. ते घर तुमच्यावर रागावलेले नाही. खरे सांगितले तर काय गमवावे लागेल, याचा हिशेब ते करते आहे. दोन आठवड्यांहून जास्त खोकला म्हणजे क्षयरोगाचा संशय, आणि ७ मे २०१२ पासून क्षयरोगाचा प्रत्येक रुग्ण सरकारला कळवणे बंधनकारक आहे, परंतु नुसत्या बंधनाने नावे पुढे आली नाहीत. २०१८ पासून नोंद झालेल्या रुग्णाला पोषणासाठी महिन्याला ५०० रुपये मिळू लागले आणि नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा असतो, म्हणजे त्या घराच्या खात्यात ६००० रुपये जमा होतील. नोंदीच्या बदल्यात हाती काहीतरी देणारी अशी योजना मी माझ्या कारकिर्दीत फार थोड्या वेळा पाहिली.

पुढच्या वेळी त्या घरी जाल तेव्हा वही पिशवीतच राहू द्या आणि ज्या वेळी अंगणात शेजारी नसतील अशी वेळ निवडा. मुलीच्या आईजवळ बसून सांगा की, औषध सुरू झाल्यावर थोड्याच आठवड्यांत बहुतेक रुग्णांकडून दुसऱ्याला लागण होण्याची भीती उरत नाही, औषध फुकट आहे, आणि तिचे नाव तुम्ही व दवाखाना यांच्याखेरीज पाड्यावर कोणाला कळणार नाही. हा शेवटचा शब्द मात्र काटेकोरपणे पाळा. उपकेंद्रातही तिचे नाव मोठ्याने उच्चारू नका. पैशाची गोष्ट सगळ्यांत शेवटी काढा, नाहीतर तुम्ही पैशासाठी आलात असे वाटेल. निघताना थुंकीची डबी आईच्या हातात द्या आणि सकाळी उठल्याबरोबरचा नमुना लागतो, तो न्यायला तुम्ही स्वतः येणार आहात, असे सांगून या.